नोड.जेएसची सुरुवात: आधी साधा सर्व्हर, मग फ्रेमवर्क

ब्राउझरपुरती मानली जाणारी जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवण्यासाठी रायन डाल यांनी २००९ मध्ये नोड.जेएस तयार केले. एक्सप्रेससारख्या फ्रेमवर्ककडे (सर्व्हरचा तयार सांगाडा देणाऱ्या कोडकडे) वळण्याआधी नवशिक्याने नोडसोबत येणाऱ्या एचटीटीपी मॉड्यूलवर (ब्राउझर आणि सर्व्हरमधील देवाणघेवाणीच्या तयार कोडवर) पहिला सर्व्हर लिहावा, असा माझा आग्रह आहे. कारण विनंती येते कशी आणि उत्तर जाते कसे, हे तिथे उघडपणे दिसते.

नोडच्या अधिकृत संकेतस्थळावरून एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) आवृत्ती बसवा. तिला दीर्घकाळ दुरुस्त्या मिळत राहतात. मग ‘सर्व्हर.जेएस’ ही फाइल करून रिक्वायरने एचटीटीपी मॉड्यूल घ्या, क्रिएटसर्व्हरला विनंती आणि उत्तर हे दोन घटक स्वीकारणारे फंक्शन द्या आणि शेवटी लिसनला ३००० हा पोर्ट (सर्व्हर ज्यावर विनंत्या ऐकतो तो क्रमांक) सांगा. फंक्शनमध्ये उत्तर संपल्याचे सांगणारे एंड हे फंक्शन बोलावणे विसरू नका, अन्यथा ब्राउझर नुसता वाट पाहत राहील. मराठी मजकूर पाठवणार असाल, तर कंटेंट-टाइप हेडरमध्ये यूटीएफ-८ हा कॅरसेट (अक्षरे साठवण्याची पद्धत) स्पष्ट लिहा. तो नसल्यास देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हे उमटू शकतात.

टर्मिनलमध्ये ‘नोड’ या आदेशापुढे फाइलचे नाव देऊन सर्व्हर सुरू करा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ३००० पोर्ट उघडा. पोर्ट आधीच वापरात असल्याची त्रुटी आली, तर बहुधा तुमचाच जुना सर्व्हर चालू असतो; तो कंट्रोल-सीने थांबवा.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. तुमची जावास्क्रिप्ट मुख्यतः एकाच थ्रेडवर (एका वेळी एकच काम करणाऱ्या धाग्यावर) चालते आणि इव्हेंट लूप आलेली कामे तिच्याकडे एकामागून एक सोपवतो. त्यामुळे विनंती हाताळताना रीडफाइलसिंकने मोठी फाइल वाचली, तर ती वाचून होईपर्यंत इतर सर्व वापरकर्ते खोळंबतात. तेच वाचन प्रॉमिस आणि अवेट (निकाल नंतर मिळेल असे धरून इतर कामे चालू ठेवण्याची सोय) वापरून केले, तर दरम्यान थ्रेड दुसऱ्या विनंत्यांसाठी मोकळा राहतो. सर्व्हर सुरू होताना सेटिंगची फाइल एकदा सिंक पद्धतीने वाचायला मात्र हरकत नाही. प्रदीर्घ गणिती आकडेमोड अवेट लावूनही थ्रेड अडवतेच, म्हणून ती वर्कर थ्रेडकडे, म्हणजे वेगळ्या थ्रेडकडे, द्यावी.

एवढे हाताखालून गेले की नोडसोबत येणाऱ्या एनपीएम या पॅकेज बसवण्याच्या साधनाच्या ‘एनपीएम इनिट’ आदेशाने पॅकेज.जेसन (प्रकल्पाला लागणाऱ्या पॅकेजची नोंद ठेवणारी फाइल) तयार करून एक्सप्रेस बसवा. पॅकेज.जेसन आणि लॉक फाइल (पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) गिटमध्ये, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवा, पण बसवलेली पॅकेजेस असणारे नोड-मॉड्यूल्स हे फोल्डर गिट-इग्नोरमध्ये घाला; ते ‘एनपीएम इन्स्टॉल’ने कुठेही पुन्हा तयार होते.