अप्परशी न बांधलेले जादा दिवे: गाडीतील स्वतंत्र जोडणी

राळेगावहून वडकीकडे रात्री येताना समोर दिसणारी बंडी (बैलगाडी) बहुधा बिनदिव्याची असते, आणि तुरीच्या शेतातून रोह्यांचा (नीलगायींचा) कळप डांबरी रस्त्यावर कधी उतरेल याचा नेम नसतो. त्यामुळे खेड्यापाड्यांतील गाड्यांच्या बंपरवर जादा दिवे बसवण्याची रीत पडली आहे. सगळे जण त्यांना सरसकट ‘फॉग’ म्हणतात, मग तो दिवा खरोखर धुक्यासाठीचा असो वा नसो. हे दिवे बसवताना त्यांना चालू करणारी तार अनेकदा अप्परच्या, म्हणजे हेडलाइटच्या लांब झोताच्या, तारेला जोडली जाते; अप्पर लावला की ते लागतात आणि डिपर (जवळचा, खाली पडणारा झोत) केला की विझतात. मोकळ्या महामार्गावर ही सोय चांगली आहे. परंतु गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात थंडीच्या पहाटे धुके उतरले, की अप्परचा प्रकाश धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर परत येतो. तेव्हा हवा असतो तो खालून, रुंद पसरणारा दिवा, तोही अप्परशिवाय. पांदण रस्त्याने शेतात जाताना, वळणावर धुऱ्याची कडा पाहतानाही हीच गरज असते. अशा वेळी उपयोगी पडणारी स्वतंत्र जोडणी कशी करावी, हे येथे सांगितले आहे.

‘स्वतंत्र’ या शब्दाची मर्यादा आधी ठरवून घ्यावी. दिवे अप्परपासून स्वतंत्र असावेत, गाडीच्या इतर दिव्यांपासून नव्हे. या दिव्यांना रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच, लागतो. त्याला चालू करणारा पुरवठा थेट बॅटरीवरून घेतला, तर दिवे किल्ली काढल्यावरही चालू राहू शकतात आणि सकाळी गाडी ढकलण्यासाठी माणसे गोळा करावी लागतात. तोच पुरवठा पार्किंग लाइटच्या तारेवरून घेतला, तर मागचे लाल दिवे लागल्याशिवाय पुढचे जादा दिवे लागतच नाहीत. माझ्या मते हीच जोडणी योग्य आहे, कारण पुढे लख्ख उजेड आणि मागे काळोख अशी गाडी मागून येणाऱ्या ट्रकच्या दृष्टीने धोक्याची असते.

आता सामानाकडे वळू. ५५ वॉटचे दोन हॅलोजन दिवे मिळून ११० वॉट होतात आणि १२ व्होल्टला सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतात. २० वॉटचे दोन एलईडी दिवे साडेतीन अँपिअरच्या आतच भागतात. तारेची जाडी आणि फ्यूज यावरूनच ठरतात. तांब्याची १ चौरस मिलिमीटरची तार जाऊन-येऊन ४ मीटर धरली, तर ९ अँपिअरला तिच्यात सुमारे ०.६ व्होल्ट वाया जातात. ही घट किरकोळ वाटते, पण हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घसरतो आणि एवढ्या घटीने सुमारे १५ टक्के उजेड कमी होतो. हीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट पाव व्होल्टवर येते. म्हणून ५५ वॉटच्या जोडीसाठी अडीचची तार आणि १५ अँपिअरचा निळा फ्यूज घ्यावा. वर सांगितलेल्या एलईडी जोडीला १ चौरस मिलिमीटरची तार आणि साडेसात अँपिअरचा तपकिरी फ्यूज पुरेसा आहे. तार गाड्यांसाठीचीच, बारीक धाग्यांची आणि उष्णता सोसणारी असावी. मोटरपंपाच्या जोडणीतून उरलेली ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर घरात पडून असते म्हणून ती गाडीत वापरण्याचा मोह अनेकांना होतो. ती हादऱ्यांनी तुटते, सांध्याशी ढिली पडते आणि तिथेच तापते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बोनेटखाली काय अवस्था होत असेल याचा विचार करूनच तारेवर पैसे खर्च करावेत.

रिलेला फाटा देऊ नये. माझ्या पहिल्या जोडणीत रिले नव्हता. ५५ वॉटचे दोन्ही दिवे डॅशबोर्डवरच्या स्वस्त स्विचमधून थेट नेले होते. तिसऱ्याच आठवड्यात स्विचचे प्लास्टिक मऊ होऊन बटण आत बसले आणि दिवे विझेनात, तेव्हा भर रस्त्यात बोनेट उघडून बॅटरीची तार काढावी लागली. रिले असला, की दिव्यांचा मोठा प्रवाह बोनेटखालीच राहतो आणि केबिनमधल्या स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलचा, म्हणजे साधारण ०.१५ ते ०.२ अँपिअरचा, प्रवाह जातो.

रिलेच्या तळाशी पिनांचे क्रमांक छापलेले असतात आणि ते बहुतेक रिलेंवर सारखेच असल्याने एकदा समजून घेतले की पुरे. ३० क्रमांकावर बॅटरीचा प्लस फ्यूजमधून येतो. ८७ वरून दिव्यांकडे तार जाते. ८६ वर स्विचकडून येणारा पुरवठा मिळतो आणि ८५ बॉडीला, म्हणजे मायनसला, जोडला जातो. पाच पिनांच्या रिलेत ८७ए ही आणखी एक पिन असते. कॉइल बंद असताना ३० चा संबंध तिच्याशी असतो, त्यामुळे चुकून दिव्यांची तार तिथे लावली, तर स्विच बंद असताना दिवे लागतात आणि चालू केला की विझतात. ही पिन मोकळीच ठेवावी आणि तिच्यावर टेप गुंडाळावी. काही रिलेंच्या कॉइलवर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. अशा रिलेत ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हा क्रम उलटला, तर डायोड जळतो किंवा फ्यूज उडतो. म्हणून डायोड असो वा नसो, हाच क्रम पाळण्याची सवय ठेवावी.

कामाला लागण्यापूर्वी बॅटरीचे मायनस टर्मिनल काढावे आणि ते सर्वांत शेवटी लावावे. दिवे आधी पक्के बसवावेत, कारण तारेची लांबी त्यानंतरच खरी कळते. फ्यूज होल्डर बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात असावा. फ्यूज दिव्याचे नव्हे, तर तारेचे रक्षण करतो, आणि फ्यूजच्या आधी असलेला तारेचा तुकडा उघडा पडून बॉडीला टेकला, तर त्याला वाचवणारे काहीच उरत नाही. रिले इंजिनच्या सायलेन्सरकडील भागापासून दूर, मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, पिना खाली येतील असा बसवावा, म्हणजे पावसाचे पाणी त्यात साचत नाही. केबिनमध्ये जाणारी बारीक तार पत्र्यातील रबरी ग्रॉमेटमधूनच (भोकाच्या कडेला बसवलेल्या कड्यातूनच) न्यावी. पत्र्याच्या धारदार कडेवर घासणारी तार महिना-दोन महिन्यांत सोलली जाते. सगळ्या तारा नालीदार पाइपमध्ये घालाव्यात. धान्याच्या कोठाराशेजारी गाडी उभी राहत असेल, तर सोयाबीन घरात आल्यावर उंदीर बोनेटखाली मुक्काम करतात. पाइपने ते थांबतीलच असे नाही, पण त्यांचा उद्योग लांबतो आणि कुरतडलेली जागा शोधणे सोपे जाते.

आता मुख्य भाग, म्हणजे ८६ कडे जाणारा पुरवठा. पार्किंग लाइट लावून टेस्ट लॅम्पने (वीज असली की लागणाऱ्या तपासणीच्या दिव्याने) फ्यूजबॉक्समधील पार्किंगचा फ्यूज ओळखावा, त्या जागी फ्यूज-टॅप (फ्यूजच्या खाचेतून जादा पुरवठा काढणारी जोडणी) बसवावा, त्यात २ किंवा ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घालावा आणि तेथून तार स्विचकडे व स्विचमधून ८६ कडे न्यावी. मूळ तार सोलून तिला पीळ देऊन जोडण्यापेक्षा हा मार्ग स्वच्छ आहे आणि उद्या गाडी विकताना काढूनही टाकता येतो. अलीकडच्या गाड्यांत दिव्यांचा कारभार बॉडी कंट्रोल मॉड्यूल हा छोटा संगणक पाहतो. दिव्यांपर्यंत जाणारा पुरवठा काही वेळा झटपट चालू-बंद होणाऱ्या ठोक्यांच्या रूपात असतो आणि त्यावर रिले लावला की तो करकरत राहतो. अशा गाडीत दिव्यांच्या तारांना हात न लावता किल्ली फिरवल्यावर चालू होणाऱ्या एखाद्या फ्यूजवरून पुरवठा घ्यावा, आणि पार्किंग लाइट स्वतः लावण्याची आठवण ठेवावी. गाडी वॉरंटीत असेल, तर हे काम करण्यापूर्वी सर्व्हिस सेंटरला विचारलेले बरे.

इथे एक प्रश्न हमखास येतो: हेच दिवे कधी स्वतंत्र आणि कधी अप्परबरोबर लावता येतील का? येतात, पण त्यासाठी पार्किंगची आणि अप्परची तार ८६ वर एकत्र जोडून चालत नाही. तसे केले, तर पार्किंग लाइट लावताच त्याचा पुरवठा या सांध्यातून उलटा अप्परच्या बल्बकडे धावतो; अप्पर अर्धवट उजळतो आणि बहुधा पार्किंगचा फ्यूज उडतो. योग्य उपाय म्हणजे तीन स्थितींचा टॉगल स्विच, ज्याची मधली स्थिती बंदची असते. त्याच्या मधल्या पिनेवरून तार ८६ कडे न्यावी, एका बाजूच्या पिनेवर पार्किंगचा पुरवठा द्यावा आणि दुसऱ्या बाजूला अप्परचा. दोन्ही पुरवठे स्विचमध्ये कधीच एकत्र येत नाहीत. बटण एका बाजूला टाकले की दिवे स्वतंत्र, दुसऱ्या बाजूला टाकले की अप्परबरोबर लागून डिपरबरोबर विझणारे, आणि मध्ये ठेवले की पूर्ण बंद. मी माझ्या गाडीत हेच केले आहे आणि बाकी कोणत्याही रचनेपेक्षा ही सोयीची वाटते.

त्यासाठी आपल्या गाडीचा अप्पर प्लसच्या बाजूने चालू होतो की मायनसच्या, हे आधी तपासावे लागते. काही गाड्यांत, विशेषतः जुन्या जपानी रचनेच्या गाड्यांत, बल्बला प्लस आधीच मिळालेला असतो आणि डिपरचा स्विच मायनस जोडतो-तोडतो. तीन पिनांच्या एच-४ बल्बचा सॉकेट काढून, हेडलाइट चालू ठेवून, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावावा आणि टोक एकेका पिनेला टेकवावे. अप्परला एका पिनेवर आणि डिपरला दुसऱ्या पिनेवर लॅम्प लागला, तर गाडी प्लसने चालते आणि वरील जोडणी जशीच्या तशी बसते. दोन्ही वेळा एकाच पिनेवर लॅम्प लागत असेल, तर स्विचिंग मायनसचे आहे. मग अप्परची बाजू सोडून द्यावी आणि केवळ पार्किंगवरची स्वतंत्र जोडणी ठेवावी.

मायनसच्या जोडणीत सर्वाधिक हयगय होते. बंपर प्लास्टिकचा असेल, तर नुसत्या बोल्टने दिव्याला मायनस मिळत नाही. बॉडीवरचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडून, तारेच्या टोकाला गोल लग (बोल्टखाली बसणारे धातूचे कडे) दाबून पक्के (क्रिम्प) करून, दातेरी वॉशरसह बोल्ट आवळावा आणि गंज धरू नये म्हणून वरून ग्रीस लावावे. बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर सेन्सर असलेल्या गाडीत दिव्यांची मायनस तार टर्मिनलला न लावता बॉडीलाच लावावी, अन्यथा त्या प्रवाहाचा हिशेब सेन्सरला लागत नाही.

जोडणी झाल्यावर इंजिन चालू ठेवून दिवे लावावेत आणि मल्टिमीटरने बॅटरीच्या प्लसपासून दिव्याच्या प्लसपर्यंतचा फरक पाहावा. तो अर्ध्या व्होल्टच्या आत आणि मायनसच्या बाजूचा ०.२ व्होल्टच्या आत असावा. जास्त आला, तर दोष बहुधा तारेत नसून एखाद्या लगमध्ये किंवा होल्डरमध्ये असतो. दहा मिनिटे दिवे लावून बोट फिरवले, की गरम जागा हाताला कळते.

दिव्यांचा कोन ठरवल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ समोरच्याचे डोळे दिपवणाऱ्या प्रकाशाला मनाई करतो, आणि नियम १११ प्रमाणे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट पुढे लावण्यास, अपवादात्मक परिस्थितीत नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने लावण्याखेरीज, बंदी आहे. टपावरच्या एलईडी पट्टीचा विचार म्हणूनच सोडून द्यावा. स्वतंत्र जोडणीत डिपर केल्यावर हे दिवे आपोआप विझत नाहीत, ही तिची खरी किंमत आहे. त्यामुळे स्विच स्टीअरिंगवरून हात न काढता बोटाने सापडेल अशा जागी असावा, गुडघ्याजवळ अंधारात नव्हे. स्वतंत्र बाजूवर रुंद, वरून कापलेल्या झोताचे दिवेच चालवावेत. लांब पल्ल्याचा टोकदार झोत असेल, तर ती बाजू पांदणीपुरती ठेवून रस्त्यावर बटण अप्परच्या बाजूला टाकावे.

कोन लावण्यासाठी शाळेची किंवा गोदामाची सपाट भिंत पाहून गाडी १० मीटरवर उभी करावी, दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि रुंद झोताची वरची कड त्या रेषेच्या २० सेंटिमीटर खाली आणावी. लांब झोताचा सर्वांत तेजस्वी भाग १० सेंटिमीटर खाली असावा. हे करताना गाडीत नेहमीचे ओझे असावे. मागे चार कट्टे ठेवले, की पुढचा भाग उचलला जातो आणि रिकाम्या गाडीत नीट लावलेला झोत समोरच्या दुचाकीवाल्याच्या थेट डोळ्यांत जातो. आपल्याकडच्या खड्ड्यांत दिव्यांचे बोल्ट ढिले होतातच, म्हणून पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळून त्याच भिंतीसमोर कोन परत पाहावा.