बाहेरून आलेलं मूल शाळेत घालताना या चुका टाळा

शाळा जूनमध्ये सुरू होतात, पण बाहेरून येणारी मुलं जूनची वाट बघत नाहीत. कोणी दिवाळीनंतर उगवतं, कोणी जानेवारीत. कलबुर्गीहून बांधकामावर आलेल्यांची, नेपाळी वॉचमनची, क्वचित अफगाणिस्तान किंवा म्यानमार सोडून निघालेल्या घरांतलीही. मुंबईत मानखुर्द-गोवंडीत अशा मुलांची नावं शाळेत घालायचं काम मी बरीच वर्षं करते. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

कागदांसाठी परत पाठवणं

‘दाखला आणा, आधार आणा, मग बघू.’ हे ऐकून गेलेली आई सहसा परत येत नाही. एक दिवसाची हजेरी बुडवून आलेली असते, दुसरा बुडवणं तिला परवडत नाही.

शिक्षण हक्क कायदा, २००९ जवळ ठेवा. आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही (कलम ५). वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही (कलम १४). वर्षाच्या मध्येच आलं, तरी घ्यावं लागतं (कलम १५). आधार नसल्यामुळे मुलाचा प्रवेश अडू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे.

निर्वासित म्हटलं की ऑफिसात आणखी एक शंका निघते. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, मग यांना हक्क कुठला? पण कायद्यात सहा ते चौदा वर्षांचं ‘प्रत्येक बालक’ असं लिहिलंय. बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारलाय. फेब्रुवारी २०२५ मध्ये म्यानमारहून आलेल्या रोहिंग्या मुलांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांनी सरकारी शाळेकडे जावं, नकार मिळाला तर उच्च न्यायालयात यावं.

तरीही खिडकीवर कलमं ऐकवत भांडू नका. शांतपणे म्हणा, ‘नकार लेखी द्या.’ बहुतेक वेळा लेखी म्हटल्यावर रजिस्टर उघडतं. नाहीच उघडलं, तर पालिकेच्या वॉर्डातल्या प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या.

‘भाषा येत नाही, दुसरीत बसवू’

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती सद्भावनेने होते.

दहा वर्षांची एक मुलगी कन्नड शाळेतून आली होती. तिला किती येतं बघावं म्हणून मी फळ्यावर १४ + ५ लिहिलं. तिने उत्तर दिलं एकशे दोन. मी मनात ‘दुसरी’ पक्की केली. शेजारच्या बाई मात्र फळ्याकडे बघत राहिल्या आणि हसल्या. मुलीला फक्त इंग्रजी अंक माहीत होते. आपला १ तिला इंग्रजी नऊसारखा दिसला, ४ आठसारखा आणि ५ चारसारखा. तिने अठ्ठ्याण्णवात चार मिळवले होते, आणि ते बिनचूक मिळवले होते.

कलम ४ सांगतं, मूल वयाप्रमाणे वर्गात बसवा आणि मागे असेल तर विशेष प्रशिक्षण द्या. चौदा वर्षं उलटली तरी आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत पूर्ण करता येतं. म्हणजे ती पाचवीत. पारखायचंच असेल तर तोंडी गणित घ्या, काड्या मोजायला द्या, तिच्या लिपीत काहीही लिहायला सांगा. हात थांबत नसेल, तर लिहिता येतं हे कळायला तुम्हाला कन्नड यावं लागत नाही. नेपाळी मुलाची तर लिपीही देवनागरी आणि अंकही आपलेच. तरी त्याला पहिलीत बसवताना मी पाहिलंय.

माध्यमाचं थोडक्यात. पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमांत चालतात. सातवी-आठवीच्या मुलाला आपलं माध्यम मिळत असेल तर थोडं लांब पाठवायलाही हरकत नाही. लहान मुलाला गल्लीतली पोरं जातात तीच शाळा बरी, असं माझं मत आहे.

एकाच मुलाला दुभाष्या करणं

वर्गात त्याच्या भाषेचा कोणी सापडला की आपण दोघांना एका बाकावर बसवतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. पहिला आठवडा ठीक. महिनाभर चाललं की नवा मुलगा बाईंकडे बघायचंच सोडतो, आणि दुभाष्याचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं चेंबूर कॅम्पात आणि कल्याणच्या छावण्यांत, म्हणजे पुढच्या उल्हासनगरात, उतरली तेव्हा त्यांच्याबरोबर शिक्षकही आले. जय हिंद कॉलेज १९४८ मध्ये कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनीच उभं केलं. आजच्या मुलाबरोबर असं कोणी येत नाही. म्हणून त्याच्या वस्तीतलं मोठं माणूस शोधा, एखादी आई किंवा काकू, आणि आठवड्यातून एक तास तिला वर्गात बसू द्या.

आणि नवं मूल दोन महिने गप्प राहिलं तर घाबरू नका. ते ऐकत असतं.

रजिस्टरमधली घाई

आपल्या रकान्यात आडनाव, नाव, वडिलांचं नाव हवंच असतं. अनेक अफगाण कुटुंबांत आडनाव नसतं. मग कारकून आजोबांचं नाव ढकलतो, भावाच्या शाळेत दुसराच कोणी गावाचं ढकलतो, आणि सख्ख्या भावंडांची आडनावं वेगळी होतात. जनरल रजिस्टरमधली नोंद नंतर बदलायला वरून परवानगी आणावी लागते. नाव लिहिण्याआधी आईकडून तीनदा म्हणवून घ्या, भावंडांची नावं एकत्र बघा.

जन्मतारखेचंही तेच. आपल्याकडे मास्तरांनी अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला आणून ठेवला. परदेशात कित्येक निर्वासितांच्या कागदांवर १ जानेवारी असतो. आईला तारीख आठवत नाही, पण रमजान, कापणी, मोठा पूर आठवतो. त्यावरून महिना तरी काढा.

‘माझे गाव’

नव्या मुलाला पहिल्या महिन्यात हा निबंध देऊ नका. मी एकदा दिला. मुलाने नीट घर काढलं, झाड काढलं, आणि मग घरावर शिसपेन्सिल गिरवत राहिला, कागद फाटेपर्यंत. आता मी ‘मानखुर्द स्टेशन ते शाळा’ असा रस्ता काढायला देते. तो सगळ्यांनाच काढता येतो. परवा एकाने सब-वेमधला वडापाववाला काढला आणि त्याच्या गाडीवर भाव लिहिला, स्वतःच्या लिपीत.