कर्ज फिटल्यावर घराचे कागद बँकेतून कसे सोडवायचे

बेस्टच्या रोख व तिकीट विभागात एकतीस वर्षं चिल्लर मोजली. त्यामुळे मोजल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय हाडात मुरलेली. भांडुपच्या घराचं कर्ज मिटवताना ती उपयोगी पडली.

2006 साली घेतलेलं कर्ज, निवृत्तीचे पैसे आल्यावर 10 फेब्रुवारी 2025 ला एकरकमी फेडलं. शाखेतल्या मॅडमनी पेढा घेतला आणि म्हणाल्या, "काका, कागद सेंट्रल स्टोअरला असतात. पंचेचाळीस वर्किंग डेज धरा." मी धरले नाहीत.

कारण नियम वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेचं 13 सप्टेंबर 2023 चं परिपत्रक सांगतं की कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांत बँकेने किंवा फायनान्स कंपनीने घराचे सगळे मूळ कागद परत द्यायचे आणि घरावर नोंदवलेला बोजाही (कर्जापोटीचा बँकेचा हक्क) उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. 1 डिसेंबर 2023 पासून हे लागू आहे. त्यात 'वर्किंग डेज' कुठेही नाही.

आधी पैसे भरतानाची गोष्ट. फोरक्लोजर स्टेटमेंटवर (कर्ज मिटवायला एकूण किती भरायचं, हे सांगणारा बँकेचा कागद) रक्कम अमुक तारखेपर्यंतची असते, पुढे रोजचं व्याज चढतं. एक दिवस उशिरा भरलंत तर दीड-दोनशे रुपयांसाठी खातं उघडं राहतं आणि तुमचे 30 दिवस सुरूच होत नाहीत. म्हणून भरल्या दिवशीच शून्य बाकीचं पत्र मागा, त्यावर तारीख हवीच. फ्लोटिंग व्याजाच्या घरकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड वैयक्तिक कर्जदाराला लावता येत नाही. स्टेटमेंटमध्ये तशी ओळ दिसली तर तिथेच बोट ठेवा.

मग अर्ज. तोंडी विनंतीला बँकेत किंमत नाही. मी दुसऱ्याच दिवशी साध्या कागदावर लिहिलं:

"आमचे गृहकर्ज खाते दि. 10-02-2025 रोजी पूर्ण फेडले आहे. रिझर्व्ह बँकेच्या दि. 13-09-2023 च्या परिपत्रकानुसार सर्व मूळ कागदपत्रे दि. 12-03-2025 पर्यंत याच शाखेत मिळावीत. उशीर झाल्यास प्रतिदिन 5,000 रुपये भरपाई देय राहील. कागद घेण्यासाठी आम्ही दोघेही कर्जदार कोणत्याही कामाच्या दिवशी हजर राहू."

शेवटचं वाक्य आमच्या हिने घालायला लावलं आणि तेच पुढे कामाला आलं. भरपाई फक्त बँकेच्या चुकीसाठी असते, त्यामुळे 'ग्राहक आलाच नाही' हे उत्तर तयारच असतं. दोन प्रती काढा, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर तोच मजकूर ईमेलने पाठवा. आणि हो, कागद कर्ज असलेल्या शाखेतून घ्यायचे की ते जिथे ठेवलेत त्या दुसऱ्या कार्यालयातून, हे तुम्ही ठरवायचं असतं.

12 मार्च उलटला. 13 तारखेला बँकेच्या तक्रार विभागाला लिहिलं, तक्रार क्रमांक घेतला. 2 एप्रिलला फोन आला, "कागद आले, या."

काउंटरवर त्यांनी आधी पावती पुढे केली, 'सर्व कागद मिळाले' अशी. मी चष्मा लावला आणि कर्ज घेताना बँकेने दिलेली कागदांची यादी काढली (ही यादी हरवू नका, लॅमिनेट करा हवं तर). बिल्डरचा मूळ करारनामा, त्याची नोंदणी पावती, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), आमचा खरेदी करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. एकेक पान उलटत गेलो. मागे रांग वाढली, कुणीतरी सुस्कारा सोडला. शेवटी पाकिटात कुर्ल्याच्या कुणा भलत्याच माणसाचा इंडेक्स टू निघाला! तो परत केला. तो बिचारा कुठल्या शाखेत खेटे घालत असेल कोण जाणे. एखादा कागद कमी निघाला तर पावतीवर स्वतःच्या अक्षरात 'अमुक सोडून' असं लिहून मगच सही करा. बँकेकडून कागद गहाळ झाला असेल तर प्रमाणित प्रत काढून देण्यात मदत आणि खर्च बँकेचा. मात्र त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात, भरपाई त्यानंतर.

आमचे एकवीस दिवस जास्त झाले, म्हणजे 1,05,000 रुपये. बँक त्यावर गप्प. तक्रारीला 30 दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, आणि वकिलामार्फत केलेली तक्रार घेतच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर मोबाइलवरून भरता येते, अडलं तर 14448 ला फोन करा. 15 एप्रिलला पत्राची शिक्क्याची प्रत, तक्रार क्रमांक आणि 2 एप्रिलची पावती जोडून पाठवलं. जूनमध्ये पूर्ण रक्कम खात्यात आली. 'आपण हजर राहिला नाहीत' असं लिहायला त्यांना जागाच नव्हती.

राहिलेली दोन कामं. आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. त्यात कर्ज 'क्लोज्ड' आणि बाकी शून्य दिसायला हवी. चुकीचं असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत दुरुस्त झालं नाही तर दिवसाला 100 रुपये तुमचे.

दुसरं, सोसायटी. बँकेचं कर्जमुक्तीचं पत्र सेक्रेटरीला द्या आणि रजिस्टरमधली बोजाची नोंद काढून घ्या, नाहीतर घर विकताना एनओसी अडते. आमच्या सेक्रेटरींनी एवढ्यासाठी दोन मासिक सभा घेतल्या. त्यांना दिवसाला दंड लावणारं परिपत्रक मी अजून शोधतोय.