जुन्या डिझेल फोर-बाय-फोरचं रीमॅपिंग

फोंड्यात माझ्याकडे गाडी आली की मी आधी इंजिनाला डिझेल देणारा पंप बघतो. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या जीपला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरच नसतो, तिथे रीमॅपचा, म्हणजे त्यातली फाइल बदलून ताकद वाढवण्याचा प्रश्नच येत नाही. कॉमन रेल इंजिन हवं, म्हणजे एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणारं. महिंद्राची एमहॉक इंजिनाची स्कॉर्पिओ चांगली: २.२ लिटर, कंपनीची १२० हॉर्सपॉवर, २९० न्यूटन मीटर टॉर्क.

लॅपटॉप जोडायची घाई करू नका. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करा, म्हणजे प्रत्येकातून किती डिझेल परत येतं ते मोजा. टर्बोचे पाइप, इंटरकूलर, होज हाताने चाचपा. तेलकट डाग दिसला तर तिथून हवा गळते. एअर फिल्टर काढून बघा, उसगांव-सावर्डेच्या बाजूची लाल धूळ त्यात हमखास साचलेली असते. आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांचे कनेक्टर उघडाच! खाऱ्या हवेने पिना हिरव्या पडतात, मग सेन्सर खोटं सांगतो आणि त्या खोट्यावर केलेलं ट्यूनिंग वाया जातं. क्लच घसरत असेल तर तो आधी बदला, कारण वाढलेला टॉर्क त्याच्यावरच येतो.

मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी जपून ठेवा. डिझेल आणि बूस्ट (टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब) बेताने, एकमेकांच्या प्रमाणात वाढवा. मग भरल्या गाडीने चोर्ला घाट चढा, बूस्ट, रेल प्रेशर, कूलंटचं तापमान नोंदवत. काळा धूर आला म्हणजे डिझेल जास्त झालं. कमी करा, पुन्हा चढा. ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, बंद करून द्या म्हणणारे येतात. तो बंद केला की विषारी नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. मी करत नाही, पावसाळ्यात धुक्याच्या घाटात मागच्या दुचाकीवाल्याने तो वायू का खावा?

विमा कंपनीला बदल लेखी कळवा, पीयूसी नव्याने काढा.