मेलं म्हणून फेकू नका: उबवणीतली अंडी तपासताना या चुका टाळा

नवा इनक्युबेटर आणला तेव्हा पाचव्याच रात्री मी अंडी तपासायला बसलो. तांबूस कवचाची तीस गावरान अंडी. त्यातल्या नऊ अंड्यांत मोबाईलच्या टॉर्चनं काहीच दिसेना. आई म्हणाली, "अरं, आत्ताशी पाच दिस झाल्यात. दम धर की जरा." मला कुठला दम! खात्री करायला एक अंडं ताटलीत फोडलं. बलकावर बारीक लाल शिरांचं जाळं, आणि मधोमध मोहरीएवढा ठिपका टकटक उडतोय. पिल्लाचं काळीज दुसऱ्या दिवसाच्या अखेरीसच धडधडायला लागतं, हे मला नंतर कळलं. उरलेली आठ अंडी गुपचूप परत ठेवली. त्यातून सहा पिल्लं निघाली.

तेव्हा पहिली चूक हीच, घाई. पांढऱ्या कवचात चौथ्या-पाचव्या दिवशी शिरा दिसतात, पण गावरान किंवा आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) जातीच्या कोंबडीच्या तांबूस अंड्यात सातव्या-आठव्या रात्रीपर्यंत थांबावं लागतं. त्यानंतर चौदाव्या आणि अठराव्या दिवशी. एवढं पुरे. रोज झाकण उघडून बघणाऱ्यांची पिल्लं काही लवकर निघत नाहीत.

काय दिसतं आणि त्याचा अर्थ काय

खोलीत पूर्ण अंधार करा. जाड पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडून टॉर्चवर धरा आणि त्यावर अंड्याची रुंद बाजू टेकवा. हवेची पोकळी याच बाजूला असते. जिवंत अंड्यात एक गडद ठिपका आणि त्याच्याभोवती जाळीदार पिंपळपानासारख्या शिरा दिसतात. अंडं स्थिर धरलं तर ठिपका हलतानाही दिसतो. चौदाव्या दिवशी बराचसा भाग काळा झालेला असतो. अठराव्याला पोकळी सोडून सगळं काळं. तेव्हा "आत काहीच दिसत नाही, नासलं वाटतं" म्हणून अंडी फेकणारे मी पाहिलेत. अहो, आत पिल्लू भरलंय म्हणून तर उजेड आरपार जात नाही!

शिरा तुटून कवचाच्या आतून लाल कडं तयार झालं असेल, तर मात्र जीव गेला. आत सगळं स्वच्छ आणि बलकाची फक्त पिवळट सावली असेल, तर ते बहुधा मेलेलं नाही, ते फळलेलंच नव्हतं. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणा कोंबडा नसला की अशी अंडी वाढतात. आमचा एक पाहुणा दरवर्षी विचारतो, दुकानातली पांढरी अंडी ठेवली तर? फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या लेयर फार्मवर कोंबडाच नसतो, पिल्लू येणार कुठून?

शंका असेल त्या अंड्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढा आणि चार दिवसांनी पुन्हा बघा. याला अपवाद एकच. वास येत असेल किंवा कवचातून पाणी पाझरत असेल तर त्याच क्षणी हलक्या हातानं बाहेर काढा. नासकं अंडं मशीनमध्ये फुटलं की बाकीच्या अंड्यांवरही घाण उडते.

बादलीतली परीक्षा

आपल्याकडं सगळ्यात जास्त होणारी चूक ही. "पाण्यात तरंगलं की खराब" हा नियम स्वयंपाकघरातल्या अंड्याचा. उबवणीतल्या अंड्यातलं पाणी रोज थोडंथोडं उडतं. अठरा दिवसांत वजन 11 ते 13 टक्के घटतं आणि हवेची पोकळी मोठी होते. म्हणजे ते तरंगणारच, आणि चांगलं असलं तरी तरंगणार. वर पाण्यानं कवचावरचा राखणारा थर निघतो आणि बारीक छिद्रांतून घाण आत शिरते. पिल्लानं कवचाला चोच मारलेली असेल तर ते बुडूनच मरतं. कानाशी धरून खळखळ हलवणं हीसुद्धा त्यातलीच तऱ्हा.

पाऊस, वीज आणि खिळा

आमची आजी खुडूक कोंबडीच्या पाटीत लोखंडी खिळा ठेवायची. का, तर वीज कडाडली की अंडी नासतात. खिळ्याचं मला माहीत नाही, पण वळवाच्या पावसात लाईट जाते हे खरं, आणि इनक्युबेटरवाल्याला ती वीज खरंच बाधते. अशा वेळी झाकण उघडून अंडी चाचपू नका. मशीनवर गोधडी टाका, हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवा. थोडा वेळ अंडी थंड झाली तरी बहुतेक निभावून जातात. जास्त उष्णता मात्र चटकन मारते. गार लागली म्हणून लगेच मेली ठरवायची नाहीत, चार-पाच दिवसांनी टॉर्च लावून बघायचं.

पंखा असलेल्या मशीनमध्ये तापमान 37.5 ते 37.7 अंश हवं. पण मशीनचा आकडा खरा असतोच असं नाही. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर आणि मशीनचा सेन्सर एकाच कोमट पाण्यात धरून पडताळा.

ओलाव्याचं आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच गणित चालत नाही. शिरोळकडं उन्हाळ्यात पाण्याची वाटी भरून भरून जीव जातो. गगनबावडा, राधानगरीकडं आषाढात बाहेरच इतका ओलावा असतो की वाटी कोरडी ठेवली तरी चालतं. पहिले अठरा दिवस 50 ते 55 टक्के, शेवटचे तीन दिवस 65 ते 70. तपासताना पोकळीची कड पेन्सिलीनं आखत जा. अठराव्या दिवशी तिनं साधारण पाव ते एक तृतीयांश अंडं व्यापायला हवं. लहानच राहिली तर ओलावा जास्त झाला.

एकविसावा दिवस उलटला तर

तापमान थोडं कमी राहिलं की पिल्लं बाविसाव्या-तेविसाव्या दिवशीही निघतात. कवचाला तडा गेल्यावर पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. तोवर नखानं टरफल सोलायचा मोह आवरा. शिरांतलं रक्त आत ओढलं गेलेलं नसतं आणि तुमच्या मदतीनंच पिल्लू दगावतं.

तेविसावा संपला की उरलेली अंडी परड्यात लांब नेऊन फोडा. बहुतेक स्वच्छ निघाली तर कोंबडा बघा, किंवा अंडी आठवड्यापेक्षा जास्त साठवली होती का ते आठवा. लाल कडी जास्त असतील तर पहिल्या आठवड्यातलं तापमान बिघडलं असेल, नाहीतर अंडी आणताना मोटरसायकलवर आदळली असतील. पूर्ण वाढलेली पिल्लं आत मेलेली सापडली तर ओलावा, हवा आणि अंडी फिरवणं तपासा. फोडताना वारा अंड्याकडून आपल्याकडं येईल असे उभे राहू नका, नाहीतर दुपारचं जेवण जायचं नाही.