साप चावल्यावर दोरी नको, गाडी काढा

सोयाबीन दाटलं, बांधावर गवत माजलं की उंदीर वाढतात आणि त्यांच्यामागे साप येतात. खुरपणीला वाकलेल्या बायांना हाताला, रात्री मोटार चालू करायला निघालेल्या गड्याला पायाला दंश होतो.

आपल्याकडे जीव घेणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चौघांच्या विषावर प्रतिविषाचं इंजेक्शन एकच आहे. त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाही. त्याला मारायला मागे धावू नका.

चावलेल्या माणसाला आडवं करा, चालवू नका. अंगठी, जोडवी, बांगड्या, करदोडा लगेच काढा, सूज चढली की तेच रुततात. हाड मोडल्यावर बांधतात तशी काठी किंवा फळी लावून पाय उपरण्याने सैलसर बांधा. तो हलू नये, एवढंच.

सुतळीने आवळणं मात्र कायमचं सोडा. रक्त अडून पाय गमवायची वेळ येते. कुणी आधीच आवळलं असेल तर वाटेत सोडू नका. दोरी सुटताच अडलेलं विष एकदम अंगात जातं, म्हणून ती डॉक्टरांसमोरच सुटू द्या. ब्लेडने चिरू नका, तोंडाने ओढू नका. घोणशीच्या विषाने रक्त गोठत नाही, चिरलेली जागा वाहतच राहते.

मण्यारीबद्दल जास्त सांगावं लागतं. ती रात्री फिरते, आखाड्यावर किंवा घरात खाली झोपलेल्याला चावते. दात इतके बारीक की खूण बहुतेक दिसत नाही, सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात कळ येते, मळमळतं. घरचे पित्त समजून सोडा पाजतात. मग पापण्या झुकतात, बोलणं जड होतं, शेवटी श्वास थकतो. पावसाळ्यात खाली झोपलेलं माणूस पहाटे पोट धरून उठलं आणि डोळे उघडे ठेवता येईनात, तर सर्पदंश समजूनच निघा. बाजेवर झोपा, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा.

मारुतीच्या पारावर नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही. साप बिनविषारी असला किंवा दंशात विष उतरलंच नाही, तर माणूस तसाही वाचतो आणि नाव मांत्रिकाचं होतं. १०८ला फोन करा. गाडी यायला उशीर असेल तर मोटारसायकलवर रुग्णाला मधे बसवून, मागे धरणारा घेऊन निघा. खायला-प्यायला काही देऊ नका. उलटी होत असेल, शुद्ध हरपत असेल तर मोटारसायकल नको. जीप मिळवा आणि डाव्या कुशीवर झोपवून न्या.

या आठवड्यात आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा : इंजेक्शन शिल्लक आहे का, रात्री डॉक्टर असतात का, व्हेंटिलेटर जवळात कुठे आहे? मिळालेले फोन नंबर मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवा, आणि सालगड्याला दाखवा.