पोर्टलमध्ये नाव टाकायच्या आधी: मिड-मेजर कॉलेजात खेळणाऱ्या मुलांच्या घरच्यांसाठी

मार्च संपत आला की अमेरिकेतल्या ओळखीच्या घरांतून फोन यायला लागतात. कुणाचा मुलगा बास्केटबॉल खेळतो, कुणाची मुलगी सॉकर, सगळी डिव्हिजन वनच्या म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या मधल्या फळीतली कॉलेजं म्हणजे मिड-मेजर, आणि प्रश्न एकच असतो, पोर्टलमध्ये म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत नाव टाकायचं का. मी एजंट नाही, वकील पण नाही, पण माझी भाची अशाच एका कॉलेजात टेनिस खेळायची आणि तिच्या ट्रान्सफरच्या वेळी आम्ही सगळ्यांनी मिळून एवढे कागद वाचले, एवढ्या चुका केल्या की त्या दुसऱ्या कुणी करू नयेत असं मनापासून वाटतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, पैशाचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी क्रेडिट्स म्हणजे पूर्ण केलेल्या कोर्सचे गुणांक, मग कोच, मग खेळायला मिळणारी मिनिटं आणि मग आकडा. बहुतेक घरांत हे बरोबर उलटं होतं कारण फोनवर आकडा पहिला ऐकू येतो.

खेळ कसा बदललाय ते थोडक्यात. ऑक्टोबर २०१८ मध्ये एनसीएएने म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने पोर्टल सुरू केलं, तेव्हा ती नुसती यादी होती, मोठ्या खेळांत कॉलेज बदललं की साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ मध्ये दोन गोष्टी लागोपाठ झाल्या, बाहेर न बसता एकदा कॉलेज बदलायची मुभा मिळाली आणि १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवायची म्हणजे एनआयएलची परवानगी मिळाली. २०२४ मध्ये ती एकदाचीच अट पण गेली, अभ्यास ठीक असेल तर कितीही वेळा बदला. आणि ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस खटल्यातली म्हणजे खेळाडूंनी पैशासाठी एनसीएएवर केलेल्या खटल्यातली तडजोड मंजूर केली, त्यामुळे कॉलेज स्वतःच खेळाडूला पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षासाठी वरची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. ही मर्यादा एका कॉलेजच्या सगळ्या खेळांची मिळून आहे आणि मधल्या फळीतली बहुतेक कॉलेजं तिच्या आसपास पण जात नाहीत. वर जुन्या खेळाडूंना जी साधारण २८० कोटी डॉलरची भरपाई द्यायची आहे तिचा मोठा भाग एनसीएए कॉलेजांना मिळणाऱ्या वाट्यातून कापून घेतंय, म्हणजे ज्यांच्याकडे आधीच कमी होतं त्यांचं अजून कमी झालं. मला हे अन्यायाचं वाटतं आणि त्या कॉलेजांनी तसं बोलूनही दाखवलंय.

याचा परिणाम तुमच्या घरापर्यंत दोन बाजूंनी येतो.

एक बाजू म्हणजे वरून येणारी ओढ. फ्लोरिडाने एप्रिल २०२५ मध्ये ह्यूस्टनला ६५-६३ हरवून पुरुषांचं बास्केटबॉल विजेतेपद घेतलं त्या संघाचे गार्ड आठवा, वॉल्टर क्लेटन ज्युनियर आयोनामधून आलेला, अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून, विल रिचर्ड बेलमाँटमधून. तिघंही मिड-मेजरमध्ये घडलेले. त्याच वर्षी स्वीट सिक्स्टीनमधले म्हणजे स्पर्धेत शेवटी उरलेले सोळाच्या सोळा संघ फक्त चार बड्या कॉन्फरन्सचे म्हणजे कॉलेजांच्या गटांचे होते. त्यामुळे वर जाऊन भलं होतच नाही असं मी अजिबात म्हणणार नाही, होतं, पण ही तिघं आपापल्या जुन्या संघात आधीच मुख्य खेळाडू होती. बेंचवर बसून कंटाळलेला मुलगा पोर्टलमध्ये गेला तर त्याच्यासाठी तीच वाट उघडेल असं नसतं, दर वर्षी कितीतरी मुलं नाव टाकतात आणि त्यांना डिव्हिजन वनमध्ये जागाच मिळत नाही.

दुसरी बाजू म्हणजे खालून सरकणारी जमीन. पेनसिल्व्हेनियातलं सेंट फ्रान्सिस मार्च २०२५ मध्ये एनसीएए स्पर्धेत खेळलं आणि आठवडाभरात त्यांनी जाहीर केलं की आम्ही डिव्हिजन थ्रीमध्ये जातोय, जिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. कॅल पॉलीने त्याच महिन्यात पोहण्याचा आणि डायव्हिंगचा कार्यक्रम बंद केला. तुमचं मूल बास्केटबॉल सोडून दुसरं काही खेळत असेल तर नव्या कॉलेजला पहिला प्रश्न हाच विचारा की हा खेळ चार वर्षं राहणार का, आणि हाउस तडजोडीत तुम्ही सामील झालात का. सामील झालेल्यांना स्कॉलरशिपच्या जुन्या मर्यादेऐवजी रोस्टरची म्हणजे संघातल्या एकूण खेळाडूंची मर्यादा असते, जसं पुरुषांच्या बास्केटबॉलला १५, बेसबॉलला ३४, म्हणजे कागदावर सगळ्यांना स्कॉलरशिप देता येते पण वॉक-ऑन म्हणजे स्कॉलरशिपशिवाय संघात आलेल्या मुलांच्या जागा कमी होतात.

आता क्रेडिट्स. इथे आम्ही आपटलो म्हणून जरा सावकाश सांगतो. भाचीची दोन वर्षांत ६२ क्रेडिट्स झाली होती, मार्कही छान होते, त्यामुळे कुणाला काळजी वाटली नाही. नव्या कॉलेजने ५१ घेतली, बाकीची त्यांच्याकडे बसत नव्हती. पण खरा घोळ पुढे, त्या ५१ मधली तिच्या नव्या मेजरला म्हणजे मुख्य विषयाला लागू होणारी फक्त ४४. एनसीएएचा नियम असा की तिसरं वर्ष सुरू होताना डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. डिग्री १२० क्रेडिट्सची, ४० टक्के म्हणजे ४८. चार क्रेडिट्ससाठी मुलगी खेळायला अपात्र! शेवटी उन्हाळ्यात दोन कोर्स करून ५० पर्यंत नेलं, ती फी घरातून भरली, आणि हे सगळं जुलैमध्ये कळलं. तुम्ही एवढंच करा की होकार देण्याआधी नव्या कॉलेजकडून क्रेडिट्सचा हिशोब लेखी मागा, किती घेणार आणि त्यातली या मेजरला किती लागू, हे दोन वेगळे आकडे मागा. कोच म्हणेल होऊन जाईल, बघून घेऊ, पण हे कोचच्या हातात नसतं, रजिस्ट्रारच्या आणि नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या कम्प्लायन्स ऑफिसच्या हातात असतं. दर वर्षी कॉलेज बदलणाऱ्या मुलांची डिग्री अशीच मागे मागे राहते आणि खेळायची वर्षं तर संपतात.

मग कोच. मधल्या फळीत कोच जिंकला की जातो, हे गृहीतच धरा. इंडियाना स्टेटचा २०२३-२४ चा संघ आठवतो का, गॉगलवाला रॉबी अविला ज्यात होता तो? ३२ सामने जिंकले, एनआयटीच्या म्हणजे एनसीएए स्पर्धेत न घेतलेल्या संघांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये सीटन हॉलकडून दोन गुणांनी हरले. नंतर कोच जॉश शर्ट्झ सेंट लुईसला गेले, अविला आणि आयझेया स्वोप त्यांच्या मागोमाग, रायन कॉनवेल झेवियरला, जेसन केंट आणि ज्युलियन लॅरी टेक्सासला. पाचही स्टार्टर गेले. पुढच्या मोसमात त्या जिममध्ये जाणाऱ्या माणसाला कसं वाटलं असेल याचा मी बरेचदा विचार करतो. ड्रेकचंही तेच, बेन मॅकॉलम डिव्हिजन टूमधून आपली पोरं घेऊन आले, २०२५ मध्ये एनसीएएत मिझूरीला हरवलं आणि महिनाभरात आयोवाला, सोबत बेनेट स्टर्ट्झ. म्हणून ऑफर आली की कोचला सरळ विचारा, तुमचा करार किती वर्षांचा आहे, तुम्ही गेलात तर माझ्या कराराचं काय. वाईट वाटून घेत नाहीत ते, त्यांना रोज विचारतात. कोच गेला तर खेळाडूंना वेगळी ट्रान्सफर विंडो म्हणजे पोर्टलमध्ये नाव टाकायची मुदत मिळते हेही लक्षात असू द्या, घाई करायची गरज नसते. विंडोच्या तारखा मात्र एनसीएए सारख्या बदलत असते, त्या त्या वर्षीच्या तारखा कम्प्लायन्सकडूनच घ्या, मित्राने सांगितल्या त्या नको.

मिनिटांबद्दल फार लिहीत नाही, नव्या संघाचं रोस्टर उघडा, तुमच्या मुलाच्या जागेवर किती जण आहेत, त्यातले किती परत येणार, एवढं मोजा. राहूनही भलं होतं याचं एक उदाहरण मला फार आवडतं, एनरिक फ्रीमन ॲक्रनला वॉक-ऑन म्हणून सुरू झाला, तिथेच राहिला, तिथेच वाढला आणि २०२४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये ५० व्या नंबरवर इंडियाना पेसर्सनी त्याला घेतलं.

आता आकडा. समजा फोनवर ३० हजार डॉलर सांगितले. हे पैसे बहुधा पगार म्हणून येत नाहीत, मुलगा स्वतंत्र कंत्राटदार धरला जातो, म्हणजे टॅक्स कापलेला नसतो, तो तुम्हाला भरायचा असतो. एजंटचे १० टक्के गेले, राहिले २७ हजार. त्यावर सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स साधारण ३,८००. त्याच्यावर फेडरल आणि राज्याचा इन्कम टॅक्स वेगळा, आणि तो तीन तीन महिन्यांनी आगाऊ भरायचा, एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारी, साधारण १५ तारीख. म्हणजे हातात २२ हजारांच्या आसपास पडतील. मुलाच्या नावावर कमाई दिसली की एफएएफएसएमधून म्हणजे सरकारी शैक्षणिक मदतीच्या अर्जातून मिळणारी मदत कमी होऊ शकते, ते पण यातच धरा. आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते ३० हजार स्कॉलरशिपच्या वर आहेत की स्कॉलरशिपच्या ऐवजी? काही ठिकाणी ऐवजी असतात, मग दुसऱ्या राज्यातल्या मुलाची ट्यूशन भरून हातात काहीच उरत नाही. हा एक प्रश्न विसरू नका, बाकी सगळे विसरलात तरी चालेल.

एजंटबद्दल पण सांगतो, एनबीएमध्ये खेळाडूंच्या युनियनने एजंटचं कमिशन जास्तीत जास्त ४ टक्क्यांवर बांधून ठेवलंय, कॉलेजात तसं बंधन एनसीएएने घातलेलं नाही त्यामुळे जो तो मनाला येईल ते मागतो. मधल्या फळीत तर बरेचदा एजंटची गरजच नसते, एका वकिलाला तासाचे पैसे देऊन करार वाचून घ्या. त्यात बायआउट आहे का बघा, म्हणजे मुदतीआधी सोडलं तर परत किती द्यायचे. दुखापत झाली तर पैसे थांबतात का बघा. पैसे कॉलेज देणार की बाहेरचं कुणी हे बघा, कारण बाहेरच्यांचा ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार 'एनआयएल गो' नावाच्या वेबसाइटवर नोंदवावा लागतो आणि तिथे तो खऱ्या व्यवसायासाठी आहे का, रक्कम वाजवी आहे का हे तपासतात, नामंजूरही करतात.

तोंडी शब्दावर जाऊ नका, कितीही गोड माणूस असला तरी. सप्टेंबर २०२४ मध्ये यूएनएलव्हीचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्लूका संघ ३-० असताना मोसम अर्धवट टाकून निघून गेला, त्याच्या एजंटचं म्हणणं एक लाख डॉलरचं तोंडी वचन दिलं होतं आणि ते पाळलं नाही, समोरच्यांचं म्हणणं असा कुठलाच औपचारिक करार नव्हता. खरं कोण ते बाजूला ठेवा, कागद असता तर एवढं घडलंच नसतं.

मूल एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असेल तर थांबा. त्या व्हिसावर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही, त्यामुळे बूट घालून जाहिरात केली, दुकानात सह्या दिल्या तरी स्टेटस धोक्यात येऊ शकतं. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका, संघातले बाकीचे घेत असले तरी.

हे सगळं बघून ठरलंच तर पुढचं काम सोपं आहे. कम्प्लायन्स ऑफिसला लेखी विनंती द्यायची, एक छोटा ऑनलाइन कोर्स करायचा असतो, मग कॉलेजने दोन कामकाजाच्या दिवसांत नाव टाकायचं असतं. पण लेखी दिलं की चालू टर्म संपल्यावर तुमची स्कॉलरशिप बंद करायची मुभा कॉलेजला मिळते, परत यावंसं वाटलं तर तुमची जागा राखून ठेवलेली नसते, त्यामुळे रागाच्या भरात, हरलेल्या सामन्याच्या रात्री हे करू नका. जायचं कुठे ते आधीच पक्कं असेल तर "संपर्क करू नये" असा टॅग लावता येतो, नाहीतर फोन थांबत नाही.

फोन येतील तेव्हा वही ठेवा. माझ्या ताईने ठेवली होती, साधी दोनशे पानी, कोण बोललं, किती तारखेला, काय कबूल केलं, आणि त्याच संध्याकाळी त्या कोचला मेल, आज आपलं असं असं बोलणं झालं, बरोबर आहे ना? बहुतेकांनी बरोबर आहे असं उत्तर दिलं, दोघांनी दिलंच नाही आणि त्यांची नावं आम्ही तिथेच खोडली. पुढे जूनमध्ये भाचीचा नवा कोच नोकरी सोडून गेला, त्याच्या जागी आलेल्या बाईंना पुस्तकांच्या आणि उन्हाळ्यातल्या राहण्याच्या खर्चाचं काहीच माहीत नव्हतं. ताईने ती जुनी मेल तशीच पुढे पाठवली आणि दुसऱ्या दिवशी खर्च मंजूर होऊन आला.